भूदरभाईंची उभी रेघ

बोलणं संपल्याबरोबर पाठ फिरवून खिशातून वही काढणारा माणूस मला खुपतो. समोर बोलतो एक आणि लिहितो काय, देव जाणे. काठेवाडातल्या थानच्या फॅक्टरीत रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात असा माणूस माझ्या वाट्याला आला आणि पुढची बारा वर्षं मी त्याच्या वहीवर डोळा ठेवण्यात घालवली. भूदरभाई प्रजापती, भट्टीचे मिस्त्री.

आमची फॅक्टरी बेसिनं आणि संडासाची भांडी करायची. माल भाजायचं काम भूदरभाईंचं. भाजलेला माल गवतात बांधून ट्रकवर चढवायचं काम माझं. म्हणजे दिवसातून दहा वेळा गाठ पडायची. भूदरभाई उंचीला बेताचे, भुवया भट्टीच्या धगीने कायमच्या विरळ झालेल्या, डोक्याला पांढरा फटका, म्हणजे तिकडचं मुंडासं. सदऱ्याच्या आतल्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची वही, धूळ लागू नये म्हणून मेणकापडात गुंडाळलेली आणि वर सुतळी बांधलेली.

मी विचारायचो, "भूदरभाई, जामनगरचा माल कधी निघेल?"

"काले निघेल."

मी वळलो की दहा पावलांवर त्यांची हाक यायची. "नेरकरभाई, थांबा जरा. मी लिहिलंय ते ऐका. तारीख चौदा, सकाळी सव्वाअकरा, पॅकिंग शेडच्या दारात. जामनगरचा माल पंधरा तारखेला दुपारपर्यंत देतो असं मी बोललो. ऐकायला छेलशंकर स्टोअरवाले. बरोबर?"

"अहो, आत्ताच तर बोललो. लिहायचं काय त्यात?"

"काले म्हणालो ना मी. आमच्यात काल पण काले आणि उद्या पण काले. सहा महिन्यांनी वही उघडली तर कुठला काले धरायचा? तारीख घातलेली बरी. बरोबर म्हणा."

"बरोबर, बरोबर."

मग ते पानाच्या कडेला काहीतरी खूण करायचे. ती मात्र वाचून दाखवायचे नाहीत.

फॅक्टरीत त्या वहीबद्दल प्रत्येकाचं आपापलं मत होतं. कामगारांना वाटायचं, हा शेठचा कान आहे. आमचे ठाकरशीशेठ हसत हसत 'आपले चित्रगुप्त' म्हणायचे खरे, पण मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले होते, "नेरकर, हा भूदर लेबरच्या ऑफिसात काही पोचवत नाही ना? लक्ष ठेवा." छेलशंकरला तर खात्रीच होती की रिटायर होताना भूदरभाई सगळ्यांची नावं पोलिसांत देणार. मी आळीपाळीने तिन्ही मतांचा होतो. स्वभावच माझा तसा. माझी बायको म्हणते, दूधवाला हसला तरी तुम्ही दुधात बोट घालून बघता. घालतोच.

शेवटी एक दिवस मला राहवलं नाही. हिवाळ्याचे दिवस. भूदरभाईंनी कोट खिळ्याला अडकवला, वही कोटाच्या खिशात राहिली आणि ते भट्टीच्या झरोक्यातून आग बघायला गेले. भरदुपारी, लोक जेवायला बसलेले असताना मी चोरासारखी सुतळी सोडली.

गुजराती वाचायला मला तोवर जमत होतं. सगळं साधंच होतं. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, काय बोललं, ऐकायला कोण. पण कडेला प्रत्येक नोंदीपुढे एकतर शून्य किंवा उभी रेघ. माझं नाव असलेल्या नोंदी मोजल्या. सतरा शून्यं, दोन रेघा. शेठच्या नावापुढे तर शून्यांची माळ होती. छेलशंकरला निम्म्या रेघा! कसली शून्यं? कुणाला दाखवायची? घाईघाईने वही गुंडाळली, जागेवर ठेवली आणि डबा न उघडताच शेडमध्ये जाऊन बसलो.

दुपारचा चहा आला तेव्हा भूदरभाई समोर येऊन बसले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"नेरकरभाई, सुतळीची गाठ उलटी मारलीत तुम्ही."

मी चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळली.

"विचारलं असतंत तर मीच दाखवली असती. चोरून वाचलं तर उलटंच समजतं माणसाला." त्यांनी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. "शून्य म्हणजे होंकारो. रेघ म्हणजे हा."

होंकारो म्हटल्यावर माझा कान जळला. त्या शब्दाने पहिल्याच वर्षी माझी शोभा केली होती. शेठनी होंकारो दिला, असं छेलशंकर म्हणाला. मी ऐकलं होकार, आणि अख्खा ट्रक भरून पोरबंदरला पाठवून दिला. तो परत आला तेव्हा शेठ माझ्याकडे असे बघत होते, जणू मी डोक्यावर बेसिन घालून उभा आहे. होंकारो म्हणजे आपला हुंकार. कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हं' म्हणायचं, बस. काठेवाडात तो दिला नाही तर बोलणारा रुसतो. पण त्यात संमती वगैरे काही नाही. संमती द्यायची तर तोंड उघडून 'हा' म्हणावं लागतं.

"इथले सगळे मानतात की मला फरक कळतो," भूदरभाई म्हणाले. "पण वेळ आली की तेच म्हणतात, भूदर, तू हा ऐकलंस, मी तर नुसतं हं केलं होतं. किंवा उलटं. म्हणून त्याच घटकेला लिहायचं आणि त्याच माणसाला वाचून दाखवायचं. शिळं झालं की बोलणं बदलतं."

"पण इतकं कशाला? आपण काय कोर्टात बसलोय?"

त्यांनी चहा संपवला, बशी पुसली. "माझा मोठा भाऊ करसन दुसऱ्या एका कारखान्यात मातीच्या खड्ड्यावर होता. खड्ड्याची भिंत सुटत होती. मी तिथल्या शेठला सांगितलं, भिंतीला टेकू द्या. शेठनी हं केलं. मी विशीतला, मला वाटलं, हा म्हणाले. घरी येऊन करसनला सांगितलं, जा बिनधास्त, शेठनी हा पाडली आहे." त्यांनी बशी उपडी ठेवली. "भिंत आली अंगावर. शेठ म्हणाले, मी कुठे काय कबूल केलं होतं? आणि नेरकरभाई, ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी 'हं'च केलं होतं."

ऐकताना मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटताना सुद्धा मनात एक किडा वळवळत होता: गोष्ट छान बेतली आहे याने. कारण गोष्टींशी या माणसाचा जुना संबंध. थानजवळच्या तरणेतरच्या मेळ्यात एक म्हातारे बारोट, म्हणजे भाट, जुन्या गोष्टींची वार्ता सांगायला बसत आणि त्यांना होंकारो द्यायला भूदरभाईच लागत. ते समोर बसल्याशिवाय म्हातारा तोंड उघडायचा नाही. वर्षातून तेवढी एकच रजा भूदरभाई घेत. भट्टी पेटती ठेवून जाणं त्यांच्या जिवावर यायचं, तरी त्या दिवसासाठी जात. हुंकार देण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही, तोच माणूस फॅक्टरीत हुंकाराला शून्य लावतो, याची मला गंमत वाटायची आणि संशयही यायचा.

तोवर थानमध्ये माव्याचं वेड आलं होतं. प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, चुना, तंबाखू घालून तळहातावर मळायची आणि गालात धरायची. शेठच्या गालात मावा, छेलशंकरच्या गालात मावा, वर्षभरात माझ्याही. मावा तोंडात असला की 'हा' म्हणता येत नाही, ओघळ हनुवटीवर येतो. 'हं' म्हणता येतं. त्यामुळे भूदरभाईंच्या वहीत शून्यांचं पीक आलं. मग त्यांनी नवा नियम काढला. महत्त्वाचं विचारायचं असलं की आधी हात जोडायचे, "थुंकून या, मग बोला."

शेठना हे बोलायची फॅक्टरीत फक्त त्यांची छाती होती. शेठ हसायचे, थुंकायचे मात्र नाहीत.

आता त्या माळ्याचं सांगतो. माझ्या पॅकिंग शेडवर लाकडी माळा होता आणि त्यावर प्लास्टरचे साचे रचलेले असत. साचे ओले झाले की दगडासारखे जड होतात. त्या वर्षी पाऊस झाला, साचे प्यायले, आणि श्रावणात भूदरभाईंना मधल्या तुळईला चीर दिसली. त्यांनी खडूने तिच्या टोकाला खूण केली. चार दिवसांनी चीर खुणेच्या पुढे चार बोटं गेली होती.

त्यांनी शेठना गाठलं तेव्हा मी तिथेच उभा होतो.

"शेठ, माळा रिकामा करायला लागेल. तुळई जाणार."

शेठ मावा घोळवत कागद बघत होते. "हं."

"मेळ्याच्या आधी करायला पाहिजे."

"हं, हं."

"शेठ, थुंकून या ना."

शेठनी हाताने माशी वारावी तसं केलं. भूदरभाई बाहेर आले, वही काढली, लिहिलं आणि शून्य काढलं. त्या पंधरवड्यात आणखी दोनदा गेले. आणखी दोन शून्यं. शेवटी ते माझ्याकडे आले. मेळ्याला तीन दिवस राहिले होते.

"नेरकरभाई, शेठचं काही खरं नाही. शेड तुमची, माणसं तुमची. मेळ्याच्या आदल्या दिवशी चार माणसं द्या, साचे अंगणात उतरवून घ्या. पुढचं शेठचं मी बघतो."

मी त्या वेळी दिल्लीच्या ट्रकची वाट बघत होतो. तोंडात मावा नव्हता, नुकताच थुंकलो होतो. "हा," मी म्हणालो. "देतो चार माणसं. आदल्या दिवशी माळा रिकामा करून देतो. झालं?"

त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तेवढ्यात फाटकात ट्रक वळला आणि माझं सगळं ध्यान ड्रायव्हर खांब पाडतो की काय याकडे.

"बरोबर?" भूदरभाईंनी विचारलं.

"बरोबर हो, बरोबर!" मी ऐकलंही नव्हतं.

त्यांनी उभी रेघ काढली, सुतळी बांधली आणि म्हणाले, "तुमची हा आहे म्हणून मी मेळ्याला जातोय. नाहीतर या वर्षी गेलो नसतो."

मेळ्याच्या आदल्या दिवशी दिल्लीचा ट्रक भरायला मला सगळी माणसं लागली. तिसऱ्या प्रहरी ती मेळ्याची तयारी करायला पळाली. माळ्याच्या तुळईकडे मी बघितलं आणि म्हटलं, इतके दिवस टिकलीय, अजून दोन दिवस टिकेल. एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं. भूदरभाई त्या दिवशी पहाटेच तरणेतरला निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मोंघीबेन साचे घ्यायला वर चढली. साचे वाहायचं काम तिचंच, सतरा वर्षं ती तेच करत आली होती. तिला कुणी अडवलं नाही, कारण ज्याला माहीत होतं तो मेळ्यात होता आणि दुसरा मी, चहा पीत होतो. तुळई मोडल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. साचे मात्र बराच वेळ पडत राहिले. आम्ही तिला काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती आणि ओढणी शोधत होती. दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले होते. जीव वाचला.

भूदरभाईंना मेळ्यात निरोप गेला. बारोटाची वार्ता अर्ध्यात टाकून ते आले. पडलेल्या माळ्यापुढे उभे राहिले, मग माझ्याकडे बघितलं. खाली बसून तुळईवरच्या खडूच्या खुणेवरून बोट फिरवलं. मला तेच सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून चार दिल्या असत्या.

आठवड्याने सरकारी इन्स्पेक्टर येणार असं कळलं. शेठनी मला बंगल्यावर बोलावलं. पुढ्यात गाठिये, तळलेल्या मिरच्या. एवढा पाहुणचार झाला की मी ओळखतो, काहीतरी गळ्यात येणार.

"नेरकर, तुम्ही समजूतदार माणूस. भूदरला तुळईचं माहीत होतं, हे तर तो स्वतःच सांगत फिरतो. माहीत असून रजेवर गेला. मिस्त्री तो. मग जबाबदार कोण?"

"पण शेठ, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

शेठनी गालातला मावा या बाजूचा त्या बाजूला केला. "कुणासमोर?"

मी एक गाठिया उचलला आणि ताटलीत परत ठेवला.

"तुम्ही तिथे होतात असं मला तर आठवत नाही," शेठ म्हणाले. "आणि बघा हं, शेड तुमची. माळा तुमच्या डोक्यावर. उद्या साहेबाच्या मनात आलं तर तुमच्याकडे पण बोट जायचं. तुमची पोर यंदा दहावीला ना? राहायला कंपनीची खोली आहे. कशाला या लफड्यात पडता? साहेबाने विचारलं तर म्हणा, मला काही माहीत नाही."

शेठ माझ्याकडे बघत राहिले.

"हं," मी म्हणालो.

घरी येताना मला एकाच गोष्टीचा राग येत होता, त्या वहीचा. शेठचा नाही, माझा नाही, वहीचा! त्या उभ्या रेघेत माझी मान अडकली होती. भूदरभाई ते पान वाचणार, याची मला खात्री होती. कुणीही वाचलं असतं. त्यांची नोकरी जाणार होती, वर खटला होणार होता, आणि थानमध्ये जन्मभर 'बाई माळ्याखाली टाकून मेळा बघायला गेलेला' असं नाव राहणार होतं. पण मला वेगळाच संशय. या माणसाने मला आधीपासूनच हेरून ठेवलं असणार. शेठ ऐकत नाहीत असं दिसल्यावर मुद्दाम माझ्याकडून 'हा' घेऊन ठेवली असणार, पुढे अंगाशी आलं तर ढकलायला एक बाहेरचा माणूस हवा म्हणून. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की तपासणीच्या दिवसापर्यंत मला ते अगदी पटलं होतं.

त्या दिवशी ऑफिसच्या दाराशी मी थांबलो आणि मावा मळला. नेहमीपेक्षा मोठा. आणि गालात भरला. का भरला ते मला पक्कं ठाऊक होतं.

इन्स्पेक्टर अंताणीसाहेब भुजचे, हळू बोलणारे गृहस्थ. शेठ एका बाजूला, भूदरभाई दुसऱ्या बाजूला फटका मांडीवर ठेवून बसलेले. मोंघीबेनचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याला खुर्ची कुणी दिली नव्हती आणि त्याने मागितलीही नाही.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "तुळई तडकली हे तुम्हाला माहीत होतं?"

"हा."

"मालकांना सांगितलंत?"

"तीनदा." भूदरभाईंनी वही उघडली आणि तिन्ही नोंदी तारखेसकट वाचल्या.

शेठ ताडकन म्हणाले, "साहेब, बघा, त्याच्याच वहीत शून्य आहे! सगळ्या फॅक्टरीला माहीत आहे, शून्य म्हणजे मी कबूल केलेलं नाही. तोच लिहितोय!"

"नाहीच केलं शेठनी कबूल," भूदरभाई शांतपणे म्हणाले. "मी ऐकवलं, त्यांनी ऐकलं. शून्य म्हणजे तेवढंच."

"म्हणजे माळा रिकामा होणार नाही हे तुम्हाला माहीत होतं," साहेबांनी पेन उचललं, "आणि तरी तुम्ही रजेवर गेलात. मेळ्याला. असंच ना?"

खोलीत सगळे भूदरभाईंकडे बघायला लागले. मोंघीबेनचा नवरासुद्धा. भूदरभाईंनी पान उलटलं. मला ते पान कुठलं ते लांबूनही कळलं.

"साहेब, पुढची नोंद. तारीख, वेळ, जागा लिहिलेली आहे. नेरकरभाई बोलले, मेळ्याच्या आदल्या दिवशी चार माणसं देऊन माळा रिकामा करून देतो. वाचून दाखवलं. बरोबर म्हणाले. त्यांच्या या शब्दावर मी मेळ्याला गेलो."

"वही घरी बसूनही लिहिता येते," शेठ म्हणाले.

"येते," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नेरकर, यांनी वाचलं तसं तुमचं बोलणं झालं होतं?"

शेठ माझ्याकडे बघत होते. भूदरभाई वहीकडे. गालातला मावा भरून आला होता, आणि तोंड न उघडता माझ्या नाकातून आवाज निघाला.

"हं."

काय धूर्त आवाज होता तो! शेठनी तो ऐकला आणि त्यांना वाटलं, नेरकर नुसता ऐकतोय, अजून काही कबूल केलेलं नाही. साहेबांनी ऐकला आणि त्यांना वाटलं, साक्षीदाराने मान्य केलं. त्यांनी तसं लिहायलाही घेतलं. उद्या बदललं तर मला दोन्हीकडून मोकळीक. आणि भूदरभाईंची तर तिथल्या तिथे सुटका होत होती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

"साहेब, लिहू नका," भूदरभाई म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं. "अहो, तुमच्या बाजूचं आहे. ते हो म्हणाले."

"नाही म्हणाले, साहेब. हा होंकारो होता." मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले, शेठपुढे जोडायचे तसेच. "नेरकरभाई, थुंकून या. मग बोला. हा असेल तर हा म्हणा. ना असेल तर ना म्हणा, मी ना लिहीन. पण यावर नको. माझा करसन एका 'हं'वर गेला. मी 'हं'वर सुटणार नाही."

मी बाहेर गेलो. दाराजवळच्या डबक्यात थुंकलो, नळाखाली चूळ भरली. तेवढ्या वेळात माझ्या मनातला सगळा संशय ढासळला. या माणसाने मला हेरून ठेवलं असतं, तर आत्ता माझा हुंकार झेलून तो गप्प बसला असता. मला लाज वाटली, इतकी की मी आणखी एकदा चूळ भरली. समोर माझ्या शेडच्या अंगणात मोडक्या तुळईचे दोन तुकडे पडले होते. एकावर खडूची रेघ अजून दिसत होती.

आत आलो. बसलो नाही.

"हा," मी म्हणालो. "मी बोललो होतो. चार माणसं देतो म्हणालो, दिली नाहीत. दिल्लीचा ट्रक भरला. आणि शेठना यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी समोर उभा होतो. तेही हा."

शेठनी खुर्ची मागे सरकवली. मोंघीबेनच्या नवऱ्याने भिंत सोडली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारणार. त्याने मारलं नाही. नुसतं बघितलं आणि बाहेर निघून गेला.

त्या दिवाळीनंतर मी त्या फॅक्टरीत नव्हतो. खोली सोडली, थान सोडलं नाही. दुसरीकडे कारकुनी करत राहिलो. मोंघीबेन काठी घेऊन चालते. तिच्या दारात मी दर सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सणाला जातो. ती पाणी देते, फारसं बोलत नाही. भूदरभाई रिटायर होईपर्यंत त्याच भट्टीवर राहिले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी साहेब लिहून निघून गेले तरी भूदरभाई खुर्चीवरच होते. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. तारीख घातली, वेळ घातली, जागा घातली. ऐकायला कोण कोण, ते लिहिलं. मग माझे शब्द, 'दिली नाहीत' इथपर्यंत सगळे, जसेच्या तसे. कडेला उभी रेघ ओढली आणि वही माझ्यापुढे धरली.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

मी वही हातात घेतली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मग बरोबर म्हणालो.